गोळ्यानं काटा तपासणाऱ्या बाई

आमच्या शाळेत वजन-उंचीतलं ज्या एकाच माणसाला कळत होतं, त्याच माणसाला वजन-उंची घ्यायची बंदी होती. हे वाक्य मी एकदा पत्रकात घातलं, तर आमच्या विद्यार्थी गटातल्या एका शहाण्या मित्रानं ते खोडलं. म्हणाला, अतिशयोक्ती वाटते. अतिशयोक्ती कसली? लेखी आदेश होता आणि त्यावर जावक क्रमांक होता.

शाळा लातूरची. मुलींची, निवासी. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, हां, तिथं असेल तसं. मग स्वतःच्या लेकीच्या शाळेकडे बघायचं राहूनच जातं.

तर तो माणूस म्हणजे आमच्या खेळाच्या बाई. कंधारकडच्या. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ती शिट्टी त्या झोपतानाही काढत नसाव्यात अशी आमची खात्री होती. फोन आला की खणखणीत 'जय भीम' म्हणायच्या, आणि मुख्याध्यापकांचा फोन असला की तेच जरा जास्त खणखणीत.

'कशी आहेस', 'जेवलीस का' असलं काही त्या विचारायच्या नाहीत. व्हरांड्यात समोरून आल्या की आधी तुमच्या मनगटाकडे बघायच्या.

"बाह्या आखूड झाल्या की गं. वाढलीस. उद्या भिंतीला ये."

भिंतीला येणं म्हणजे उंची मोजायला येणं. क्रीडासाहित्याच्या खोलीत एका भिंतीवर त्यांनी स्वतः खुणा आखल्या होत्या. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, नजर समोर आणि वेणी सोडलेली. डोक्यावर उंच पोनी बांधून आलेल्या मुलीला त्या म्हणायच्या, "ती शेंडी इथं ठेव, मंग तुझी उंची मोजते." पुढे तपासणी पथक येणार म्हणून शाळेनं ती भिंत रंगवली आणि तिच्यावर 'खेळा, वाढा' असं लिहून घेतलं. कोण किती वाढलं त्याचा पुरावा मात्र त्या रंगाखाली गेला.

त्या खोलीतलं एकूण क्रीडासाहित्य म्हणजे हवा गेलेला एक व्हॉलीबॉल, उड्या मारायच्या दोन दोऱ्या आणि चार किलोचा एक लोखंडी गोळा. तो गोळा माझ्या पाच वर्षांत कुणी फेकलेला मी पाहिला नाही, कारण मैदानावर संस्थेच्या गाड्या उभ्या असायच्या आणि गोळा काचेवर पडला असता. पण बाईंनी त्याला काम दिलं होतं. वजन घ्यायच्या दिवशी काट्यावर सगळ्यात आधी गोळा चढायचा.

"ह्याला भूक लागत न्हाई, ह्यो सणाला जेवत न्हाई. ह्याचं वजन चार म्हंजे चार. काट्यानं चार दाखवलं तर पोरी उभ्या करू. न्हाई दाखवलं तर काटा दुरुस्तीला."

मग आमची पाळी. चपला काढा, खिसे रिकामे करा. खिशातून पेरू निघायचे, चिंचा निघायच्या, एकदा एकीच्या खिशातून आख्खं कुलूप निघालं. बाईंनी ते शांतपणे वहीत नोंदवलं, 'कुलूप वगळून'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा त्या कधीही मोठ्यानं म्हणायच्या नाहीत. चिठ्ठीवर लिहायच्या, चिठ्ठीची घडी घालायच्या आणि मुठीत द्यायच्या. ही चिठ्ठी म्हणजे बाईंचं खूळ आहे असं सगळे शिक्षक म्हणायचे. त्यांच्या मते आकडे प्रार्थनेच्या वेळी माइकवर वाचायला हवे होते, म्हणजे मुलींना 'प्रेरणा' मिळाली असती.

हे सगळं त्या एका सरकारी प्रशिक्षणात शिकल्या होत्या. प्रशिक्षणाहून बाकीचे लोक जेवण करून आणि फोल्डर घेऊन परत येतात. बाई वाढीचा तक्ता घेऊन आल्या आणि तो त्यांनी वाचला. नोकरीतली त्यांची पहिली चूक हीच.

तक्त्याचा अर्थ त्यांनी आम्हाला मैदानावर समजावला. संस्थेच्या दोन गाड्या शिट्टी मारून बाहेर काढायला लावल्या आणि शंभर मुली एका रांगेत उभ्या केल्या.

"बीएमआय म्हंजे काय? वजनाला उंचीनं भागायचं, मीटरमधल्या उंचीनं, आन् आलेल्याला परत उंचीनं भागायचं. एवढंच. मोठ्या माणसाचं काम इथं संपतं. तुमचं न्हाई संपत, कारण तुम्ही वाढून राहिल्या. म्हणून तुमच्याच वयाच्या शंभर पोरी अशा रांगेत धरायच्या. ह्या शाळेतल्या न्हाईत, तक्त्यातल्या. कमी बीएमआयची हिकडून सुरू. तू सत्तराव्या जागी, म्हंजे सत्तरजणी तुझ्या मागं. ह्याला म्हणायचं पर्सेंटाइल. पैल्या नंबराला बक्षीस न्हाई, शेवटच्याला शिक्षा न्हाई. दोन्ही टोकाच्या पोरींना डाक्टरला दाखवायचं, बाकीच्यांनी खेळायला जायचं."

"बाई, पोरांची रांग वेगळी का?" एकीनं विचारलं.

"हाव, येगळी. पोरं आन् पोरी सारख्या वाढत्यात व्हय? आन् वय बी खरं लागतं."

खरं वय! इथं आमचा घोळ सुरू व्हायचा. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली एक जूनला जन्मल्या होत्या. आईबाप पहिलीत नाव घालायला आले की गुरुजींनी एक जून लिहायचं, ही आमच्याकडची रीत. संस्था तर त्या दिवशी सामूहिक वाढदिवस साजरा करायची, अध्यक्षसाहेबांच्या हस्ते केक कापून. बाई मात्र प्रत्येक आईला बाजूला घेऊन चौकशी करायच्या. "पोळ्याच्या आधी का नंतर? तूर निघाली व्हती का? थोरलीच्या पाठीवर किती म्हैन्यांनी?" वहीत खऱ्या तारखेचा वेगळा रकाना होता. "वय सालभर चुकलं की पोरगी भलत्याच रांगेत उभी राहती," त्या म्हणायच्या. मुख्याध्यापकांनी हे ऐकलं तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती की बाई शाळेचं रेकॉर्ड खोटं ठरवतात. रेकॉर्ड खोटंच होतं, हा मुद्दा गौण.

माझी चिठ्ठी सांगते. मी नववीत होते आणि मुलींनी मला 'डबल बेड' हे नाव ठेवलं होतं. मी रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि त्याला उपास म्हणत होते. चिठ्ठीत होतं, 'पर्सेंटाइल अठ्ठ्याऐंशी. भिऊ नको. उपाशी राहू नको, वाढायचं वय आहे. संध्याकाळी मैदानावर ये. तीन महिन्यांनी बघू.' त्या दिवशी संध्याकाळी बाईंनी मला पळवलं आणि नंतर मेसमध्ये समोर बसून भाकरी खायला लावली. उपदेश शून्य. "कालवण वाढ गं हिला," एवढंच मेसवाल्या मावशींना म्हणाल्या.

आता अध्यक्षसाहेबांचं आरोग्यप्रेम. कुठल्याशा जिममधून त्यांना एक रंगीत तक्ता भेट मिळाला होता. तो त्यांनी मेसच्या भिंतीवर लावला. तक्ता मोठ्या माणसांचा होता, पण रंगीत होता. त्याप्रमाणे आमची आख्खी पाचवी आणि सहावी कुपोषित निघाली. पेपरात बातमी येईल या धास्तीनं दोन आठवडे आम्हाला रोज दोन केळी मिळाली, चुकीच्या तक्त्याचा एवढाच काय तो फायदा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच तक्त्यावर साहेब स्वतः शेवटच्या लाल चौकोनाच्याही बाहेर जातात. दुसऱ्या दिवशी तक्त्याच्या उजव्या बाजूवर संस्थेचं कॅलेंडर लागलं. बाई कॅलेंडर उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज तारीख कोणती बरं?"

पुढच्या वर्षी शाळेनं एका कंपनीचं मशीन आणलं. मुलगी उभी राहिली की आपोआप वजन, आपोआप उंची, आपोआप कार्ड. कार्डावर पर्सेंटाइलचा आकडा, खाली रंगाचा पट्टा आणि पट्ट्यावर हसरा किंवा रडका चेहरा. उद्घाटनाला नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि टाळ्या थांबायच्या आत बाईंनी मशीनवर गोळा ठेवला. मशीननं दाखवलं चार किलो सहाशे.

"गोळा फुगला जणू," बाई म्हणाल्या.

कंपनीचा टाय घातलेला माणूस कसनुसं हसला. साहेब हसले नाहीत. आठ दिवसांत आदेश आला: आरोग्यविषयक नोंदी यापुढे क्रीडाशिक्षिकेने घेऊ नयेत. दर तीन महिन्यांची वही बंद, वर्षातून एकदा कार्ड सुरू. बाईंकडे पार्किंग आणि पादत्राणांची जबाबदारी आली. पालक सभेला आले की चपलांच्या ओळी नीट लावायच्या. बाईंनी त्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या. खोड जाते थोडीच.

आता प्रतीक्षा. ती माझ्या खोलीतली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका खेड्यातली. गालावर खळी आणि तोंडाची टकळी अखंड चालू. दुसरं कार्ड आलं त्या सुमाराला ती शांत झाली होती. सारखी पाणी प्यायची, रात्रीतून चार वेळा उठायची, तासाला बाहेर जायची परवानगी मागायची. लातुरात पाणी टँकरनं येतं, आणि ही बाटलीमागून बाटली संपवते म्हणून आम्ही तिला 'टँकर' म्हणायला लागलो. आम्ही म्हणजे मीच. नाव मी ठेवलं. स्वतः 'डबल बेड' ऐकून रडलेली मी दुसऱ्या मुलीला नाव ठेवायला पाच मिनिटंही थांबले नाही. रेक्टर मॅडम त्याला 'तासाला बसायचं नसतं म्हणून बहाणे' असं म्हणायच्या. ती बारीक होत चालली होती आणि इंग्रजीच्या सरांनी तर तिचं कौतुक केलं, छान स्लिम झालीस म्हणून.

पालकसभा भरली. माइक, सतरंज्या, कार्डांचं वाटप. लातूर म्हणजे पर्सेंटाइलवर जगणारं गाव. इथं घरभाड्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर ठरतं. तेव्हा पालकांनी कार्ड कसं वाचलं असेल ते ओळखा. उदगीरच्या एका आडत्यानं लेकीचं शहाण्णव बघितलं आणि ड्रायव्हरला पेढे आणायला पिटाळलं. "आमच्या खानदानात एवढे कुणाला पडले न्हाईत!" साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि अभिनंदन केलं. ती मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला तेवढं कळत होतं.

आणि मग प्रतीक्षाची आई उठली. काठाचं लुगडं, शेतातून थेट एसटीत बसून आलेली, हातात दोन्ही वर्षांची कार्डं. मागचं कार्ड तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं, प्रगतिपुस्तक जपतात तसं.

"सर, गेल्या साली माझ्या लेकीला सत्तर व्हते. औंदा एकतीस. पोरगी कशात मागं पडली?"

सभा हसली.

"मावशी, हे मार्क नाहीत," मुख्याध्यापक माइकवर म्हणाले. "पट्टा हिरवा आहे ना? चेहरा हसरा आहे ना? एकतीस म्हणजे नॉर्मल. बसा."

"व्हय सर. पर सत्तरीची एकतीस झाली की."

"मावशी, ट्यूशन लावा पोरीला!" कोपऱ्यातून ऑफिसातला क्लार्क ओरडला. मग तर सभा लोळायचीच बाकी राहिली. पेढेवाला आडत्या सगळ्यात जोरात हसला. प्रतीक्षाच्या आईनं पदर तोंडाला लावला, पण ती खाली बसली नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बंद हॉलमध्ये ती अशी वाजली की माइकही किंचाळला. बाई दारात उभ्या होत्या, हातात कुणाची तरी एक चप्पल.

"हसून झालं का? ह्या एवढ्या खोलीत कार्ड फकस्त ह्या बाईला वाचता आलं."

"बाई, तुम्ही पार्किंग बघा," मुख्याध्यापक म्हणाले.

"गाड्या कुठं जात न्हाईत." त्या सरळ प्रतीक्षाच्या आईजवळ आल्या आणि दोन्ही कार्डं हातात घेतली. "मशीन बाद हाय, मान्य. पर बाद मशीननं बी दोन्ही साली सारखंच खोटं सांगितलं असंल ना? मंग ही चाळीस पोरी मागं कशी आली? हिरव्या पट्ट्यात हाय म्हणता. अवो, पट्टा केवढा लांब हाय! पोरगी आपल्या जागेवर उभी असती, सालोसाल, दोनचार हिकडं तिकडं. एवढी सरकली तर कायतरी झालंय. आन् हे बघा, उंची चार सेंटीमीटर वाढली, वजन अडीच किलो उतरलं. वाढत्या पोरीचं वजन उतरत नसतं, साहेब. उतरलं तर इचारायचं असतं. हिनं इचारलं. तुम्ही हसलात."

बाई आमच्याकडे वळल्या. आम्ही मुली मागे भिंतीला उभ्या होतो.

"हिच्या खोलीत कोण ऱ्हातं?"

मी हात वर केला.

"जेवती का?"

"जेवते बाई. उलट जास्तच जेवते."

"पाणी?"

मी म्हणाले, "बाई, आम्ही तिला टँकर म्हणतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली, प्रतीक्षाला पुढे घेतलं आणि तिच्या आईला म्हणाल्या, "चला. आत्ता."

"बाई, गेटपास लागतो," रेक्टर मॅडम म्हणाल्या. "अर्ज, साहेबांची सही..."

"करा तुम्ही तवर."

स्कूटीवर पुढे बाई, मधे प्रतीक्षा, मागे पदर खोचलेली तिची आई. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर पुढे केलं, तर बाईंनी पुन्हा शिट्टी मारली आणि त्यानं गेट उघडलं. पाच वर्षं त्याला त्याच शिट्टीची सवय होती.

पुढचं मला प्रतीक्षाच्या आईनं सांगितलं. सरकारी दवाखान्यात बोटाला सुई टोचली, तर साखर इतकी की त्या छोट्या यंत्राला आकडाच दाखवता येईना. लहान वयात होणारा मधुमेह. अंगात साखर भरपूर, पण ती अंगाला लागत नव्हती, म्हणून पोरगी खाऊन वाळत होती आणि पाणी पिऊन तहानलेली राहत होती. डॉक्टर म्हणाले, अजून दोनचार दिवस काढले असते तर बेशुद्ध होऊन आली असती आणि मग आम्ही काही सांगू शकलो नसतो.

"मला कुठं काय कळत व्हतं," आई मला म्हणाली. "मला वाटलं मार्क कमी पडले. मार्क कमी पडले तर आईनं इचारू ने व्हय?"

प्रतीक्षा महिन्याभरानं परत आली. इन्सुलिनची सुई स्वतः टोचून घ्यायला शिकून आली आणि चार दिवसांत तिची टकळी पुन्हा सुरू झाली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "टँकरला माफी नको ताई, पाणी भरून ठेव." आता ती बारावीला आहे आणि तिला इन्सुलिनची बाटली ठेवायला हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये जागा मिळावी म्हणून आमच्या गटाला दोन निवेदनं द्यावी लागली. पहिल्या निवेदनावर शेरा आला होता, फ्रिज फक्त पाहुण्यांसाठी आहे.

संस्थेनं काय केलं? गेटवर बॅनर लावला. 'आमच्या स्मार्ट आरोग्य कार्डामुळे विद्यार्थिनीचे प्राण वाचले.' बॅनरवर साहेब, मशीन आणि टायवाला माणूस. आणि बाईंना कारणे दाखवा नोटीस दिली: विनापरवाना विद्यार्थिनीस आवाराबाहेर नेणे, सभेत व्यत्यय आणणे, आदेश असूनही आरोग्यविषयक मत देणे. सदर कृत्य कोणाच्या सांगण्यावरून केले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

खुलासा लिहायला मी बसते म्हणाले. मी तेव्हाच दोन पानं लिहू शकत होते, संतापाला माझ्याकडे कधीच तोटा नव्हता. बाईंनी माझी दोन पानं वाचली, म्हणाल्या, "ब्येस लिव्हलंय, तुझ्याकडंच ठिव," आणि स्वतः एका ओळीत लिहिलं:

'मुलीच्या आईने विचारले, त्यावरून.'

खाली सही. तो कागद घेऊन आम्ही ऑफिसात गेलो. आवक रजिस्टरला तोच क्लार्क बसला होता, सभेत ट्यूशन सुचवणारा. त्यानं कागद वाचला, परत वाचला, शिक्का मारला, नंबर टाकला. बाई दोन पावलं चालल्या असतील, तेवढ्यात त्यानं खुर्ची मागे सारली आणि हळू आवाजात हाक मारली.

"बाई. माझी धाकटी दुसऱ्या शाळेत हाय. तिथं बी असंच कार्ड देतात. जरा बघाल का?"

"आणा की."

"औंदाचं आणू, का..."

तो अडखळला. बाई वळून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"दोन्ही सालचं आणतो," तो म्हणाला.